भौतिक विज्ञानाचा पहिला अभ्यासक्रम : उद्दिष्टे आणि त्यांची कसोटी

बंगळूर शहराच्या उत्तरेस सुमारे चाळीस किलोमीटरवर देवनहळ्ळी हे गाव आहे. टिपू सुलतानाचे जन्मस्थान आणि तेथील दगडी किल्ला यांमुळे इतिहासाच्या वाचकांना ते परिचित असेल. २००८ पासून बंगळूरचा आंतरराष्ट्रीय विमानतळही याच परिसरात आहे. दख्खनच्या पठाराचा हा भाग समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंच आहे. या उंचीमुळे तेथील कोणत्याही शाळेच्या प्रयोगशाळेत एक साधी परंतु विचार करावयास लावणारी गोष्ट घडते. चंचुपात्रातील पाण्याला उकळी फुटते, वाफेचे बुडबुडे वर येऊ लागतात. परंतु तापमापीतील पारा १०० अंशांपर्यंत चढत नाही. तो ९७ अंशांच्या आसपास स्थिरावतो आणि कितीही उष्णता दिली तरी तेथून हलत नाही.

पाठ्यपुस्तकात तर पाण्याचा उत्कलनांक १०० अंश सेल्सिअस असा छापलेला असतो. अशा वेळी नववीतील विद्यार्थ्याने प्रयोगवहीत काय लिहावे? तीन मार्ग संभवतात. पुस्तकात आहे म्हणून तो १०० लिहील. किंवा ९७ लिहील आणि खाली 'तापमापी सदोष आहे' अशी टीप जोडील. किंवा ९७ लिहून तो स्वतःला विचारील, 'हे असे का व्हावे, आणि दोष तापमापीचा नाही हे मला कसे ठरविता येईल?' वार्षिक परीक्षेत गुण मिळविण्याच्या दृष्टीने पहिला मार्ग बहुधा सर्वांत निर्धोक ठरतो. विज्ञान शिकण्याच्या दृष्टीने तोच सर्वांत घातक आहे. कारण त्या एका आकड्याबरोबर विद्यार्थी आणखी एक धडा गिरवतो: आपल्या डोळ्यांनी पाहिलेले आणि छापलेले यांत विरोध आला, तर पाहिलेले खोडून टाकावे.

माध्यमिक शाळेतील भौतिक विज्ञानाच्या पहिल्या अभ्यासक्रमाची उद्दिष्टे कोणती असावीत, हा प्रश्न या लहानशा प्रसंगाशी निगडित आहे. उद्दिष्टांची कोणतीही यादी पुढे आली की तिला एकच प्रश्न विचारावा: ही यादी त्या विद्यार्थ्याला ९७ लिहिण्याचे बळ देते काय?

उद्दिष्ट म्हणजे काय?

आशय आणि उद्दिष्ट यांची गल्लत नेहमी होते. 'उष्णता, प्रकाश, विद्युत्, आम्ले व आम्लारी' ही प्रकरणांची नावे झाली. शिक्षकाने काय शिकवावे हे त्यांवरून कळते, परंतु विद्यार्थ्याला काय यावे हे कळत नाही. याच्या उलट 'वैज्ञानिक दृष्टिकोन वाढविणे' यासारखी विधाने इतकी व्यापक असतात की ती साध्य झाली की नाही, हे कोणालाही सांगता येत नाही. पहिल्यास आशय म्हणावे, दुसऱ्यास ध्येय. उद्दिष्ट या दोहोंच्या मध्ये असते. विद्यार्थी कोणती कृती, कोणत्या परिस्थितीत, किती अचूकपणे करू शकेल, हे ते सांगते.

अमेरिकन शिक्षणशास्त्रज्ञ बेंजामिन ब्लूम आणि त्यांचे सहकारी यांनी १९५६ मध्ये शैक्षणिक उद्दिष्टांचे वर्गीकरण प्रसिद्ध केले. त्यात स्मरणापासून आकलन, उपयोजन, विश्लेषण, संश्लेषण आणि मूल्यमापन अशा चढत्या पायऱ्या कल्पिलेल्या होत्या. आपल्याकडील शिक्षक-प्रशिक्षणातही हे वर्गीकरण रूढ झाले. त्याचा मोठा उपयोग असा की, उद्दिष्टाच्या वाक्यातील क्रियापदाकडे लक्ष गेले. 'विद्यार्थ्याला घनता समजेल' हे वाक्य तपासता येत नाही. कारण समजणे ही क्रिया दिसत नाही. 'दगडाचा एक ओबडधोबड तुकडा दिला असता विद्यार्थी त्याची घनता मोजील आणि आपल्या मापात किती चूक संभवते तेही सांगेल', हे वाक्य तपासता येते.

देवनहळ्ळीच्या परिसरात ग्रॅनाइटसारख्या कठीण खडकाचा तुटवडा नाही. विद्यार्थ्याने असा एक तुकडा तराजूत तोलावा, मोजपात्रातील पाण्यात सोडावा, पाण्याची वाढलेली पातळी पाहावी आणि भागाकार करावा. उत्तर दर घनसेंटिमीटरला २.६ ते २.७ ग्रॅमच्या आसपास येते. नंतर त्याने त्याच खडकाचा दुप्पट मोठा तुकडा घ्यावा. वस्तुमान बदलते, आकारमान बदलते. परंतु भागाकार जवळजवळ तोच राहतो. घनता हा तुकड्याचा नव्हे तर पदार्थाचा गुणधर्म आहे, ही गोष्ट येथे विद्यार्थ्याच्या हाताला कळते. मग वीतभर खड्यावरून किल्ल्याच्या भिंतीतील मोठ्या शिळेचे वजन अंदाजता येते, आणि मोजमापाचे सामर्थ्यही ध्यानात येते.

आधीच्या प्रयत्नांपासून मिळणारा बोध

स्वतंत्र भारतात डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगाने (१९६४-६६) शालेय शिक्षणाच्या पहिल्या दहा वर्षांत विज्ञान आणि गणित हे सर्व विद्यार्थ्यांच्या शिक्षणाचे अनिवार्य अंग असावे, अशी शिफारस केली. या शिफारशीचा एक परिणाम पुरेसा लक्षात घेतला जात नाही. विज्ञान सर्वांसाठी अनिवार्य झाले की, त्याचा पहिला अभ्यासक्रम केवळ भावी अभियंत्यांसाठी आखता येत नाही. दहावीनंतर शेती, व्यापार वा गृहव्यवस्था पाहणाऱ्या मुलामुलींचा तो विज्ञानाशी येणारा कदाचित शेवटचा औपचारिक संबंध असतो. त्यांच्याजवळ आयुष्यभर काय उरावे, हा विचार उद्दिष्टे ठरविताना प्रथम करावयास हवा.

याच सुमारास अमेरिकेत उरी हेबर-शाईम आणि त्यांचे सहकारी माध्यमिक शाळेसाठी भौतिक विज्ञानाचा एक प्रास्ताविक अभ्यासक्रम तयार करीत होते. काम १९६३ मध्ये सुरू झाले आणि पाठ्यपुस्तक १९६७ मध्ये बाहेर पडले. त्यांनी विषयांची संख्या जाणूनबुजून कमी ठेवली आणि संपूर्ण वर्ष एका सूत्राभोवती गुंफले: पदार्थ कणांचा बनलेला आहे असे आपण कोणत्या पुराव्यावरून म्हणतो? आकारमान, वस्तुमान, घनता, विद्राव्यता, मिश्रणातील घटक वेगळे करणे, संयुगे व मूलद्रव्ये अशा पायऱ्यांनी विद्यार्थी अणूच्या कल्पनेपर्यंत येई. पाण्यावर पसरलेल्या ओलिइक आम्लाच्या अतिशय पातळ थरावरून रेणूच्या आकाराचा अंदाज करणे हा त्यातील एक प्रयोग होता. मीठ पाण्यात विरघळले किंवा बर्फ वितळला असता एकूण वस्तुमान बदलते काय, हे प्रत्येक जोडी मोजी आणि सर्व जोड्यांची मापे एका स्तंभालेखात मांडली जात. कोणाचे माप किंचित कमी, कोणाचे किंचित अधिक. परंतु सर्वांचा कल शून्य बदलाकडे. नियम हा अशा विखुरलेल्या मापांतून कसा आकार घेतो, ते वर्गासमोर उघड होई.

आपल्या देशातही असे प्रयत्न झाले. १९७२ मध्ये मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात सोळा माध्यमिक शाळांतून प्रयोगाधारित विज्ञान-शिक्षणाचा कार्यक्रम सुरू झाला. साधे साहित्य खेड्यातील शाळांपर्यंत पोहोचवून तेथील मुलांनी स्वतः प्रयोग करावेत आणि निष्कर्ष काढावेत, ही त्यामागील कल्पना होती. राज्य शासनाच्या निर्णयाने हा कार्यक्रम २००२ मध्ये बंद झाला; परंतु तीन दशकांचा त्याचा अनुभव मोलाचा आहे. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या अंतर्गत १९७४ मध्ये होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राची स्थापना झाली. मुंबई महापालिकेच्या शाळांबरोबरच जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरातील ग्रामीण शाळांतही या केंद्राने काम केले.

पुढे २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने विज्ञानाच्या अभ्यासक्रमासाठी सहा निकष सांगितले. तो मुलांच्या आकलनाच्या आवाक्यातला असावा, त्याचा आशय बिनचूक असावा, विज्ञानाची प्रक्रिया त्यात असावी, इतिहासाचे भान असावे, परिसराशी नाते असावे आणि प्रामाणिकपणासारखी नैतिक मूल्ये त्याने जोपासावीत. त्यानंतर २०१९ मध्ये राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने माध्यमिक स्तरासाठी 'अध्ययन निष्पत्ती' प्रसिद्ध केल्या. याद्या आता आहेत. उणीव आहे ती त्यांचा अर्थ वर्गात उतरविण्याची. यास्तव देवनहळ्ळीच्या त्या चंचुपात्राकडे पुन्हा वळून पाच उद्दिष्टे क्रमाने पाहू.

पाच उद्दिष्टे

पहिले उद्दिष्ट मापनाचे. विद्यार्थी योग्य उपकरण निवडील, माप घेईल आणि त्या मापावर किती भरवसा ठेवावा हे सांगेल. शाळेतील तापमापीत एखाद्या अंशाची चूक असणे नवलाचे नाही. मग ९७ हा आकडा खरा की उपकरणाचा दोष? याचा निवाडा करण्याची युक्ती सोपी आहे. तीच तापमापी वितळत्या बर्फात धरावी. बर्फाचा द्रवणांक हवेच्या दाबाने जवळजवळ बदलत नाही. तेथे तापमापीने शून्य दाखविले, तर तिच्यावरील विश्वास वाढतो. एक अंश अधिक दाखविला, तर तेवढी दुरुस्ती करावी लागेल असा तर्क करता येतो. दोन-तीन निरनिराळ्या तापमाप्यांनी तेच माप घेतले म्हणजे शंका आणखी कमी होते. 'तापमापी सदोष आहे' हे निमित्त म्हणून लिहिणे आणि ती सदोष आहे की नाही हे तपासणे, या दोहोंत विज्ञानाचे सारे शिक्षण सामावलेले आहे.

दुसरे उद्दिष्ट निरीक्षण आणि अनुमान वेगळे ओळखण्याचे. 'पारा ९७ अंशांवर स्थिर राहिला' हे निरीक्षण. 'येथे हवेचा दाब कमी आहे' हे अनुमान. 'बुडबुडे येऊ लागले' हे निरीक्षण. 'बुडबुड्यांत हवा आहे' हे अनुमान, आणि तेही चुकीचे, कारण उकळत्या पाण्यातील मोठ्या बुडबुड्यांत पाण्याचीच वाफ असते. प्रयोगवहीत या दोहोंसाठी दोन निराळे रकाने आखले, तरी या उद्दिष्टाच्या दिशेने पुष्कळ वाटचाल होईल.

तिसरे उद्दिष्ट थोड्या पण मूलभूत कल्पनांवर प्रभुत्व मिळविण्याचे. पदार्थाची कणमय रचना, वस्तुमान आणि ऊर्जा यांची अक्षय्यता, बल आणि गती यांचा संबंध, विद्युत्प्रवाहाचे मंडल एवढ्या मोजक्या कल्पना पहिल्या अभ्यासक्रमास पुरेशा आहेत. मात्र त्यांच्या साहाय्याने स्पष्टीकरण आणि भाकीत करता आले पाहिजे. द्रवातील कण पृष्ठभागातून निसटून वाफ होतात. त्या वाफेचा दाब बाहेरील हवेच्या दाबाएवढा झाला की द्रवाच्या अंतर्भागातही वाफेचे बुडबुडे टिकू शकतात, आणि पाणी उकळते. देवनहळ्ळीत हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा सुमारे दहा टक्के कमी असतो. म्हणून वाफेला ती पातळी तीन अंश आधीच गाठता येते. एवढे समजलेल्या विद्यार्थ्याला पुढील प्रश्न विचारावा: जवळच असलेल्या नंदी टेकडीवर, म्हणजे १४७८ मीटर उंचीवर, काय आढळेल? दर ३०० मीटरला सुमारे एक अंश या हिशेबाने उत्तर ९५ च्या जवळ यावयास हवे. सहलीच्या दिवशी तीच तापमापी बरोबर नेली, तर भाकिताची परीक्षाही होईल. तापमापी तीच असल्याने तिचा दोष दोन्ही ठिकाणी सारखा राहील, आणि दोन मापांतील फरक विश्वसनीय ठरेल. पुण्याच्या विद्यार्थ्याला याच प्रयोगात ९८, महाबळेश्वरच्या विद्यार्थ्याला ९५ ते ९६ आणि मुंबईच्या विद्यार्थ्याला १०० हा आकडा मिळावा. तिघांच्याही वह्या बरोबर आहेत.

दैनंदिन जीवनाशी असलेला संबंधही येथे सहज जुळतो. उंचावर उघड्या भांड्यातील डाळ शिजावयास वेळ का लागतो? दाबाच्या कुकरमध्ये ती लवकर का शिजते? गावाशेजारच्या विमानतळावर उतरणारे विमान हवेच्या दाबावरून आपली उंची कशी मोजते? तेथील धावपट्ट्या ४००० मीटर लांब आहेत. विरळ हवेत विमानाला उड्डाणासाठी अधिक लांब धाव का घ्यावी लागते? एकच कल्पना स्वयंपाकघरापासून विमानतळापर्यंत पोहोचते. विज्ञानात मोजक्या कल्पना पुरतात, त्या अशा.

चौथे उद्दिष्ट भाषेचे आहे, आणि ते बहुतेक याद्यांत शेवटी ढकललेले असते. होमी भाभा केंद्राच्या उभारणीत अग्रभागी असलेले व्ही. जी. कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी यांनी पाठ्यपुस्तकांच्या अवघड भाषेचा प्रश्न अभ्यासिला. ज्यांना विज्ञान कळत नाही असे मानले जाते, त्यांतील अनेक मुलांचा अडसर विज्ञानाचा नसून भाषेचा असतो, हे त्यांच्या कामातून पुढे आले. देवनहळ्ळीसारख्या ठिकाणी तर मुलाची घरची भाषा कन्नड, तेलुगू, उर्दू किंवा मराठी, आणि पुस्तकाची भाषा कदाचित इंग्रजी, असे सहज घडू शकते. कोमट, कढत, आधण आलेले हे मराठी शब्द उष्णतेच्या पायऱ्या दाखवितात. शिक्षकाने ते तुच्छ मानू नयेत. उलट, 'आधण आले' असे आपण कशावरून म्हणतो, हे मुलांना आपल्या शब्दांत सांगू द्यावे आणि मग 'उत्कलनांक' हा शब्द द्यावा. अनुभव आधी, संज्ञा नंतर. आपण काय पाहिले ते चार सरळ वाक्यांत, एका कोष्टकात आणि एका आलेखात मांडता येणे, हे या उद्दिष्टाचे रूप.

पाचवे उद्दिष्ट विज्ञानाचा इतिहास आणि समाजातील स्थान जाणण्याचे. आन्देर्स सेल्सिअसने १७४२ मध्ये आपली तापमानश्रेणी मांडली, तेव्हा उकळत्या पाण्याला त्याने शून्य आणि गोठणबिंदूला १०० हा आकडा दिला होता. आज वापरात असलेला उलटा क्रम नंतर आला. उत्कलनांक हवेच्या दाबाबरोबर बदलतो, हेही त्याला ठाऊक होते. एकोणिसाव्या शतकातील प्रवासी आणि भूमापक याच गोष्टीचा उपयोग करून पाणी उकळीत आणि त्यावरून डोंगराची उंची काढीत. म्हणजे आपल्या विद्यार्थ्याला चूक वाटलेला ९७ हा आकडा त्यांच्या हाती उंची मोजण्याचे साधन झाला.

देवनहळ्ळीच्या इतिहासातही असा एक धडा आहे. हैदर अली आणि टिपू यांच्या सैन्याने लोखंडी नळीचे अग्निबाण वापरले. १७८० च्या पोल्लिलूरच्या लढाईत इंग्रजांना त्यांचा तडाखा बसला. पुढे इंग्लंडमध्ये विल्यम काँग्रीव्ह याने आपले अग्निबाण तयार केले, त्यामागे म्हैसूरच्या या बाणांची प्रेरणा होती. हा इतिहास केवळ अभिमानासाठी सांगू नये. कागदाच्या किंवा बांबूच्या नळीऐवजी लोखंडी नळी घेतल्याने काय साधले, हे विचारावे. लोखंड अधिक दाब सहन करते, म्हणून वायू अधिक वेगाने मागे फेकला जातो आणि बाण अधिक दूर जातो. मागे जाणारा वायू हवेला ढकलतो म्हणून बाण पुढे जातो, असे पुष्कळांना वाटते. तसे असते, तर निर्वात अवकाशात अग्निबाण चाललाच नसता. बाण पुढे जातो तो वायू मागे फेकल्याच्या प्रतिक्रियेमुळे. इतिहास असा विचारला की तो विज्ञान शिकवितो.

कसोटी परीक्षेची

उद्दिष्टे कागदावर कितीही उत्तम असली, तरी विद्यार्थी आणि पालक परीक्षेतील प्रश्नांवरूनच खरी उद्दिष्टे ओळखतात. 'पाण्याचा उत्कलनांक लिहा' असा प्रश्न वर्षानुवर्षे येत राहिला, तर १०० हे उत्तर पाठ होईल आणि प्रयोगवहीतील ९७ खोडले जातील. त्याऐवजी असा प्रश्न विचारता येईल: 'एका शाळेतील तापमापी वितळत्या बर्फात १ अंश आणि उकळत्या पाण्यात ९८ अंश दाखविते. ही शाळा समुद्रकिनारी असेल की पठारावर? आपल्या उत्तराचे कारण द्या आणि ते पडताळण्यासाठी आणखी काय कराल ते सांगा.' या प्रश्नाचे उत्तर पाठ करता येत नाही. पुस्तक उघडे ठेवले तरी ते त्यात सापडत नाही.

होशंगाबादच्या कार्यक्रमात नेमके हेच तत्त्व पाळले गेले. तेथे परीक्षेत पुस्तक व वही जवळ बाळगण्याची मुभा होती, आणि प्रात्यक्षिक परीक्षाही घेतली जाई. स्मरणाची परीक्षा संपली की विचाराची परीक्षा सुरू होते, हे त्या कार्यक्रमाने खेड्यातील शाळांतून दाखविले.

याला खर्च फारसा लागत नाही. उष्णतेचे साधन, एक भांडे, दोन तापमाप्या आणि थोडा बर्फ एवढे साहित्य बहुतेक शाळांना मिळविता येईल. लागतो तो वेळ. वर्षभरात वीस प्रकरणे उरकावयाची असतील, तर पारा ९७ वर का थांबला हे विचारण्यास कोणत्याही शिक्षकाला सवड मिळणार नाही. म्हणून विषय कमी करणे ही उद्दिष्टे साध्य होण्याची पहिली अट आहे. दुसरी अट शिक्षकाला निर्भयपणे 'मला ठाऊक नाही, आपण पाहू या' असे म्हणता येण्याची. तसे म्हणणाऱ्या शिक्षकाचा मान वर्गात कमी होत नाही.

१९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणे हे नागरिकांच्या मूलभूत कर्तव्यांत समाविष्ट केले. एवढे मोठे कर्तव्य शाळेतील मुलाच्या वाट्याला येते ते अगदी लहान रूपात. पारा एका आकड्यावर थांबलेला असतो, पुस्तकात दुसरा आकडा असतो, आणि हातात लेखणी असते. त्या क्षणी जे दिसले ते लिहावे, त्याची शंका घ्यावी, ती शंका तपासावी आणि मग कारण शोधावे, एवढे ज्याला शाळेत जमले, त्याच्यापुढे मोठेपणी एखाद्या औषधाचा दावा आला, बातमीतील आकडा आला किंवा गावच्या विहिरीच्या पाण्याचा अहवाल आला, तरी त्याला तीच रीत वापरता येईल. भौतिक विज्ञानाचा पहिला अभ्यासक्रम एवढे देऊ शकला, तर त्यातील अनेक सूत्रे पुढे विस्मरणात गेली तरी फारशी हानी नाही. आणि तपासनीस म्हणून वहीवरून नजर फिरविणाऱ्या शिक्षकाला तेथे ९७ हा आकडा आढळला, तर त्याने तांबड्या शाईने तो खोडू नये. त्याच्या शेजारी एक छोटासा प्रश्न लिहावा, 'का?'